खालची घडी

मोदी नंबर दोनमध्ये, मोटवानींच्या दुकानात
काउंटरच्या आतल्या अंगाला माझा स्टूल.
मे महिना, दाट तिथी,
बाहेर सेहेचाळीस, आणि कूलर बंद.
बंद मीच करते.
कागदाला वारा चालत नाही.
टेपचा गोंद पाघळून बोटांना येतो,
मग बोटांचे ठसे सोनेरी कागदावर,
मग शेठचा चेहरा.

नथ्थूजी सोनकुसऱ्यांनी शिकवलं मला हे.
तांडापेठेत माग होता त्यांचा.
तो थांबला तेव्हा इथे आले,
लुगड्याच्या किनारीवरून चमकीच्या कागदावर.
पहिला महिना मला विटा दिल्या.
खऱ्या विटा, आणि रद्दीतले पेपर.
"विटेचा काठ कागद फाडते, पोट्टे.
तिले न फाडता गुंडाळलं
का मंग काहीबी आण."

मोजपट्टी त्यांनी कधी हातात धरली नाही.
सुतळीचा एक वेढा खोक्याभोवती, वर दोन बोटं.
"दोनच. तिसरं बोट म्हंजे शेठचं नुकसान,
एकच ठेवलं तं तुहं."
जोड तळाला, जिथे खोका पाठ टेकतो.
कागदाची कड अर्धं बोट आत मुडपायची,
कापलेली धार कोणाला दिसू नये म्हणून.
मग नख. घडीवरून एकदाच, सरळ.
दुसऱ्यांदा फिरवलं की रंग उडतो.

मी कड मुडपत नाही.
टेप लावते, म्हणते, पुढचा.

परवा दुपारी एक बाई आल्या मानेवाड्याच्या,
ऑटो थांबवून ठेवलेला.
पिशवीतून खोका काढला, आधीच बांधलेला.
निळा कागद, चांदीचे मोर,
एक कोपरा कपाटात घासून पांढरा झालेला.
"याच्यावरचा कागद तेवढा बदलून द्या.
घरभरणीत आला होता, पडूनच आहे."
येतात असे. मी विचारत नाही.
एकेक लेमन सेट नागपूरभर फिरतो,
वर्ध्याला जाऊन परत येतो,
त्यातून सरबत कोणीच पीत नाही.

निळा कागद माझाच होता.
टेपचा तुकडा तिरपा,
माझ्या अंगठ्याला तीच खोड आहे.
ब्लेडच्या टोकानं उचलला.
आत खोका नव्हता,
आत दुसरा कागद. लाल, विटलेला.
म्हणजे तेव्हाही घाईच होती,
न सोलता वरूनच चढवला होता मी.

उलटा केला.
जोड तळाला.
कड आत, अर्धं बोट.
नखाची रेघ एकच.

नथ्थूजींना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या.
दुकानात त्यांचं काही नाही,
हजेरीच्या जुन्या वहीत नाव असेल,
आणि त्या वहीचीही आता पुड्यांना पानं.

"तोही काढा ना," बाई म्हणाल्या,
"फुगीर दिसेल."
"राहू द्या," म्हटलं, "खोक्याला आधार होतो."
आधार कसला. साधं पुठ्ठ्याचं खोकं ते.
आत काय असेल हे बाईंनाही माहीत नव्हतं,
मी कानाशी नेलं नाही.
यावरही ओरडायचे ते.
"लोकायचा आहेर हालवू नाही."

हिरवा कागद घेतला.
खण उघडून सुतळी शोधली, गाठ पडलेली होती,
सोडवायला वेळ गेला.
वेढा. दोन बोटं.
बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला,
बाईंनी घड्याळ पाहिलं,
शेठनं माझ्याकडे.
कड मुडपली, पहिल्यांदा वाकडी गेली,
उलगडली, पुन्हा मुडपली.
नख एकदाच.

तीस रुपये. चिठ्ठीवर बाईंनी त्यांचं नाव घातलं,
मोठ्या अक्षरात, फुलाच्या खाली.
तळ पाहिला नाही. कोण पाहतं.

त्या गेल्यावर मी कूलर लावला,
तसा निळा कागद काउंटरवरून उठला
आणि शेठच्या चपलांवर जाऊन पडला,
मोर वर करून.